पहाटेचं पहिलं पाणी

बसा की. तुमचा नळ गळतोय तो गळू दे स्वल्प, आधी एक गोष्ट ऐका, मग पाना लावतो. मी ज्योतिबा, शाळा दुसरीपर्यंत, पण बेंगळुरूच्या चामराजपेटेत कुठल्या भिंतीत कुठली नळी वळते ते डोळे मिटून सांगीन. गोष्ट अठ्ठावन्न सालची, एका नळाची... आणि रत्नाक्काची. तिच्या काळजातलं तिनंच मला नंतर सांगितलं.

"वसूला हात लावू नका, अक्का!"

अहल्या ओरडली, आणि रत्नाक्काच्या हातातलं फुलपात्र ठण्णदिशी खाली पडलं... पाणी सगळ्या फरशीभर!

रत्नाक्का म्हणजे अहल्येची नणंद, घरधनी जयतीर्थाची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, आणि आईवेगळ्या भावाला तिनंच पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता सगळा जीव भावाच्या चार वर्षांच्या पोरीत, वसूत. अन् तीच वसू दोन महिने पोट धरून तळमळत होती, चेहरा कागदासारखा पांढरा, जेवणाला हात लावीना!

"पडलं बघा," अहल्या म्हणाली, "रोज काही ना काही पडतं तुमच्या हातून. पोरगी तुमच्या हातचंच पिते, आणि तिचीच ही गत! मला भीती वाटते, अक्का... तुमची भीती वाटते!"

जयतीर्थ मान खाली घालून उभा. एक शब्द नाही बोलला तो.

रत्नाक्काचं काळीज फाटलं. पण बोलली एवढंच, "सरी, बरं गं. मी जाते. पोर वाचू दे." आणि दोन लुगडी घेऊन बसवनगुडीला चुलतभावाच्या घरी गेली.

आणि काय सांगू तुम्हाला... वसू सुधारली! महिन्याभरात पोट दुखायचं थांबलं, पोरगी अंगणात उड्या मारायला लागली. ते ऐकून रत्नाक्का देवापुढं बसून आनंदानं रडली, आणि मग एकाएकी तिच्या अंगावर काटा आला. म्हणजे खरंच माझ्याच हातात काही आहे? माझी मायाच विषारी आहे?

दसऱ्याला तिला बोलवावंच लागलं. नवरात्राचा सोवळ्यातला स्वयंपाक दुसऱ्या कुणाला येत होता? ती आली, आमच्याकडच्या रीतीनं दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या, रोज पहाटे उठली. वसू मागं मागं, "अक्का, मला तुझं पाणी!" अहल्या दारातून बघत राहायची, पण सणाच्या दिवसांत बोलणार काय? आठव्या दिवशी वसू पोट धरून भुईवर लोळायला लागली.

रत्नाक्का भिंतीला टेकली. "मीच गं, मीच! मला घालवून द्या, पुन्हा तोंड दाखवणार नाही!"

जयतीर्थ पोरीला उचलून डॉक्टरकडे धावला. म्हाताऱ्या डॉक्टरनं पोरीचा ओठ वर केला, हिरड्यांवर काळी-निळी रेघ! "घरात पाण्याचा नळ कसला?" त्यानं विचारलं. "ही शिशाच्या विषाची खूण. नळ शिशाचा आहे का, आजच बघून घ्या."

मला निरोप आला. गेलो. न्हाणीघरात तिघं माझ्या मागं उभी. रंग चढवलेली नळी कोपऱ्यात वळलेली. चाकू काढला, रंग खरवडला, आणि टोक टेकवलं. लोखंड असतं तर करकरलं असतं. हे लोण्यासारखं कापलं गेलं... आणि आतून चांदीसारखं चकाकलं.

"शिसं," मी म्हणालो.

"मग आम्ही कसे धडधाकट?" जयतीर्थ म्हणाला. "पाणी तर सगळेच पितो."

"रात्रभर नळीत थांबलेलं पाणी वाईट, शिसं उतरतं त्यात. पहाटेचं पहिलं पाणी कोण पितं?"

मग रत्नाक्काच म्हणाली, अगदी हळू, "मी धरते. आंघोळ करून, कुणी नळाला शिवायच्या आत. सोवळ्याचं म्हणून. देवाला ठेवते, आणि वसूला त्यातलंच देते. बाकीचे उजाडल्यावर पितात."

आता कळलं का तुम्हाला? ती घरात नव्हती, तेव्हा पहिलं पाणी कुणी पोरीला पाजतच नव्हतं!

रत्नाक्का खाली बसली. "म्हणजे अहल्या खरंच बोलली. माझ्याच हातानं..."

पण अहल्या तिच्या हाताकडं बघत होती. मनगटं लुळी, बोटं थरथरती. "अक्का," ती म्हणाली, "तुम्ही कुठलं पाणी पिता?"

"वसूचं उरलेलं. सोवळ्यात दुसरं कुठलं पिणार?"

अहल्या गुडघ्यावर बसली. सासरी आल्यापासून सोवळ्यामुळं नणंदेच्या अंगाला तिनं बोट लावलं नव्हतं. आता तिनं रत्नाक्काचा ओठ वर केला. हिरड्यांवर तीच रेघ! वसूपेक्षा कितीतरी काळी!

"अय्यो... अक्का! भांडी पडायची ती यानं! तुम्ही वसूच्याही आधीपासून मरत होता, आणि मी तुम्हाला..." तिनं रत्नाक्काच्या मांडीवर डोकं टाकलं आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. जयतीर्थानं बहिणीचे पाय धरले. "अक्का, मी त्या दिवशी गप्प राहिलो..."

रत्नाक्काच्या त्या लुळ्या हातानं अहल्येचे केस नीट कुरवाळताही येईनात. तरी ती कुरवाळत राहिली. "उठ गं. वसूला उजाडल्यावर पाणी तू दे. मी नुसती बघेन."

मी तिथंच उभा होतो, चाकू हातात. मग माझ्याच्यानं राहवेना. "अक्का," म्हणालो, "ही नळी सहा वर्षांपूर्वी मीच बसवली. वाकवायला सोपी म्हणून."

रत्नाक्का माझ्याकडं बघत राहिली. "ठाऊक आहे मला, ज्योतिबा. त्या दिवशी माझ्याच हातचा चहा प्यालास. तुला तरी कुठं माहीत होतं? आता बदल."

त्याच दिवशी उपटली. पोरगी वाचली, आज कॉलेजात जाते. अक्काची मनगटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

म्हणून एवढं करा माझ्यासाठी. मी पाना काढतो तोवर आतून चाकू घेऊन या, आणि न्हाणीतली नळी तुमच्या हातानं खरवडा. तुमच्या वडिलांच्या वेळची आहे, बहुतेक मीच बसवलेली. चकाकली, तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या... पण घरातल्या कुणावर आळ घेऊ नका.