खंडेनवमीची ऐरण

सुलेखाताईंना दारावर लावायला घोड्याची नाल हवी होती, तीही पायातून आपोआप निसटलेली. म्हणून मैथिलीने सासूबाईंना आणि मुलीला गाडीत घालून कोलोनहून आयफेलच्या डोंगरातल्या एका लोहाराकडे आणलं. लोहार आयरिश, नाव कोनल. बायको जर्मन, म्हणून तो इथे राहिला; हातोडे मात्र आजोबांचे, गावाहून आणलेले.

सहा वर्षांची अन्वी मार्चपासून बोलत नव्हती. ना मराठी, ना जर्मन. डॉक्टरांना घशात, कानात काही सापडलं नव्हतं. मैथिली रोज सकाळी तिला हाक मारायची आणि उत्तरापुरती थांबायची.

कोनल नाल शोधायला मागे गेला, तेवढ्यात सुलेखाताईंनी पर्समधल्या डबीतलं कुंकू ऐरणीला लावलं.

"आई, विचारायचं तरी!"

"अगं, खंडेनवमी आज. हत्यारांची पूजा करायला कसलं विचारायचं?"

नाल घेऊन परत आलेला कोनल रागावला नाही. अन्वी बोलत नाही हे मैथिलीने त्याला आल्याआल्याच सांगितलं होतं. अन्वीकडे पाहत तो जर्मनमध्ये म्हणाला, "आमच्याकडे आयर्लंडमध्ये अशा मुलांना ऐरणीवर बसवतात. लोहार हातोडा उचलतो आणि शेजारी अलगद टेकवतो. माझे आजोबा करायचे."

मैथिलीने ते मराठीत सांगितलं.

"मग करा की हो!" म्हणत सुलेखाताईंनी जीभ चावली. "अगंबाई! पूजलेल्या ऐरणीवर आज हातोडा चालवायचा नाही. माझंच मेलं कुंकू आडवं आलं."

मैथिलीने तेही जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," कोनल हसला. "गुड फ्रायडेला आम्हीही खिळा ठोकत नाही. उद्या या."

मैथिलीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी उद्या रजा मिळेल का, याचा ती विचार करू लागली.

तिघं अंगणात कॉफी प्यायला बसली. अन्वी दाराशी मांजराला कुरवाळत होती. मग ती तिथे नव्हती.

आतून आवाज आला. ठण्.

कोनलचा कप हातातच राहिला.

पुन्हा, हलकेच. ठण्.

मैथिली धावली.

अन्वी ऐरणीवर बसली होती. ऐरण तिच्या गळ्याशी येईल एवढी उंच. जवळ स्टूल नव्हतं. समोरच्या रिकाम्या जागेकडे मान वर करून ती हसत होती.

"नॉख माल, आजोबा! अजून एकदा!"

मैथिलीने तिला छातीशी घट्ट धरलं.

"मम्मा, टोचतंय. आणि मला शू लागलीये."

सुलेखाताई रडता रडता हसू लागल्या.

कोनल भिंतीकडे बघत होता. आजोबांचा हातोडा उंचावरच्या खिळ्याला टांगलेला होता, किंचित झुलत. त्याच्या तोंडाला कुंकू लागलं होतं.