फुटलेला संगमरवर

बांधकामांना मंजुरी देणारे साहेब, तुम्ही एका वाक्याने एक घर उभं राहायच्या आधीच फोडलंत! सही करताना तुमचा हात जड होतो. मग दुसऱ्याच्या भावाला चोर ठरवताना जीभ एवढी हलकी कशी?

ते वाक्य थोरल्या भावाने टोचणीबाईंना सांगितलं. टोचणीबाई खासगी तपास करतात. नाव लोकांनी ठेवलेलं, आणि शोभणारं.

"हौसेने बंगला काढला, बाई. सिमेंट महागलं, लोखंड महागलं, सोसलं. पण परदेशी संगमरवराने कंबर मोडली. ट्रक आला की निम्म्या लाद्या फुटलेल्या. पुन्हा मागवायच्या, त्याही चढ्या भावाने. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांच्यापुढे रडलो. ते म्हणाले, 'तुमचा भाऊच चांगल्या लाद्या विकून बाहेरचे तुकडे आणून टाकत असेल.' माल धाकटाच उतरवून घेतो ना."

"मग?"

"संध्याकाळच्या आत घर सोड म्हटलंय त्याला. आईवडिलांमागे मीच वाढवलाय हो."

"साहेब बोलले म्हणजे काहीतरी असणारच," बाईंचे यजमान म्हणाले.

"अहो, चप्पल घाला. निघू या."

बांधकामावर फुटक्या लाद्यांचा ढीग होता. शेजारी धाकटा भरलेली बॅग घेऊन बसलेला. बाईंनी एक तुकडा यजमानांच्या हाती दिला.

"पाठ बघा."

"सिमेंट चिकटलंय. बांधकामावर चिकटणारच की गं!"

"ट्रकमधूनच असे येतात," धाकटा म्हणाला. "दादाला किती सांगितलं! माझं ऐकतो कोण?"

तिथेच उभा असलेला बंगल्याचा ठेकेदार हसला. "काचेची जात ती, बाई. खड्ड्यांत फुटते."

"ट्रक कुणाचा?"

"माझाच."

तिथून बाई यजमानांना घेऊन साहेबांच्या घरी गेल्या. दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाजम. दाराशी बाईंचा रुमाल पडला. तो उचलायला वाकल्या, त्या जरा वेळाने उठल्या. दार जुनं, रंग जुना, पण तळाशी ताजं तासलेलं कोरं लाकूड. आतलं दारही तसंच.

"वाळवी," साहेब म्हणाले.

"आमच्याकडेही लागली होती!" यजमान आपुलकीने म्हणाले. बाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी त्याच दिवाणखान्यात बाईंनी दोघा भावांना आणि ठेकेदाराला आणून उभं केलं.

"वाटेत फुटलेली लादी कधी बसवलेली नसते," त्या म्हणाल्या. "मग तिच्या पाठीला वाळलेलं सिमेंट कसं? ते तुकडे कुणाच्या तरी उखडलेल्या संगमरवरी फरशीचे आहेत. म्हणजे चांगला माल वाटेतच उतरला आणि ट्रकमध्ये हा राडारोडा भरला."

"हे तर मीही म्हणालो होतो!" साहेब उसळले.

"तिथेच फसलात. आम्ही सगळे समजत होतो, लाद्या फुटतात. तुकडे बाहेरचे आहेत हे ढिगाला हात न लावता तुम्हाला कसं कळलं? ज्याची फरशी उखडली त्यालाच ते ठाऊक!"

यजमानांनी दाराकडे बोट केलं. "मग ती वाळवी..."

"अहो, वाळवी सगळी दारं खालून एका रेषेत खाते का? जुन्या फरशीपेक्षा ही परदेशी लादी जाड. ती बसवली की दार अडतं. मग तासावं लागतं."

ठेकेदार मटकन खाली बसला. "साहेब मंजुरी अडवून बसले होते. म्हणाले, माझ्या घरी फरशी घाल, मग पुढचं बघू. मी घातली. नुकसान मी भरून देतो. पण धाकट्याचं नाव मी घेतलं नव्हतं हो!"

थोरल्याने धाकट्याच्या हातातली बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली.

"चल घरी. वहिनी जेवायची थांबलीय."

"आणि फरशी?"

"मातीची घालू. चल आधी."

दोघेही हसले. धाकट्याने डोळे पुसले, थोरल्याने तर नाकही.

"मी कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही," साहेब गुरगुरले. त्यांचा पाय मात्र जाजमाच्या कोपऱ्यावर घट्ट होता.

नाही कसे बांधील, साहेब? ज्याला चोर म्हणालात तो तुमच्या दारात उभा आहे. बोला, जाजम तुम्ही उचलता, की त्याने उचलायचं?