परसों

सावकाश सांगते. एरवी सावकाश करणं हा माझा स्वभाव नाही.

जनरेटर घ्यायचा तर आधी यादी करावी लागते, वीज गेल्यावरही काय काय चालायलाच हवं याची. मी केली. आईची ऑक्सिजन मशीन, फ्रिज, तीन पंखे, चार दिवे. सुरू होताना फ्रिज जास्त वीज ओढतो, तेवढा हिशोब वर धरला. तीन केव्हीएचा जनरेटर पुरत होता. मलकपेठेतल्या दुकानाला फोनवर तसं सांगितलं आणि सोमवारी दुपारी माणूस पाठवा म्हटलं.

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलंय. बाबा दर उन्हाळ्यात जनरेटर घेऊ म्हणायचे आणि मी दर उन्हाळ्यात भांडायचे. धूर ओकणारा डबा आपल्या घरात नको, सोलर लावू. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मग शेजारी पाच मजली इमारत उठली आणि आमच्या नल्लकुंट्याच्या गच्चीवर ऊन जेमतेम दीड तास उरलं. आठ दिवसांपूर्वी आईला दवाखान्यातून घरी आणलं, नाकाला नळी लावूनच. मशीन बंद पडता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं. आमच्या जुन्या इन्व्हर्टरवर ती अर्धा तास चालायची, आणि मे महिन्यात वीज दोन-दोन तास जाते. माझी तत्त्वं मधल्या त्या दीड तासापुढे टिकली नाहीत.

सोमवारी दुकानातून जनरेटर घेऊन याकूबभाई आले ते काही न विचारता घराला वळसा घालून पुढच्या भिंतीशी गेले आणि पिशवी ठेवली.

"इदर नक्को," मी म्हटलं. "पीछे की खिडकी के नीचे. मीटर उदर है, केबल कम लगता."

"उस खिडकी के अंदर अम्मा सोते. धुआँ सीधा अंदर जाता, मॅडम. आपके बावा यहीच बोले."

"कब?"

"परसों. मैं देख के गया ना परसों."

हैदराबादेत न वाढलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे होऊन गेलेलं काहीही. गेल्या महिन्यातलं लग्न परसों, माझी दहावी परसों, चारमिनार बांधला तोही परसोंच. म्हणजे बाबांनी कधीतरी माझ्या नकळत या माणसाला घर दाखवून ठेवलं होतं. मला गलबलून आलं. शरमही वाटली. धुराचं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पाणी प्यायला ते आत आले तेव्हा भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाले, "हौ, यहीच साब." फोटोला हार नाही. बाबा गेले तेव्हा मीच घालू दिला नव्हता, असल्या प्रथा मला पटत नाहीत. त्यामुळे याकूबभाईंना कळायला मार्ग नव्हता. मीही सांगितलं नाही. दर माणसाला ते सांगायचा कंटाळा येतो.

त्यांनी जुना इन्व्हर्टर काढला, वायरी सोडवल्या. मी स्टुलावर बसून बघत होते, आणि तेव्हा ते लक्षात आलं. मागच्या खोलीत आई आठच दिवस झोपतेय. बाबा होते तेव्हा ते दोघं पुढच्या खोलीत झोपायचे. मागची खोली रिकामीच असायची.

"यादी दिखाओ, याकूबभाई."

त्यांची लोड लिहायची वही उर्दूत होती. मला वाचता येत नाही. ते बोट ठेवून वाचत गेले.

"ऑक्सिजन मशीन. फ्रिज. पंखे तीन. लाइटाँ चार. ऑक्सिजन मशीन."

"एक मशीन दो बार लिखे आप."

"कैकू लिखता? बीस साल से लोड लिखरूँ, मॅडम. दो हैं बोल के बावा गिन के लिखवाए. एक अम्मा की. एक..." त्यांनी पेन्सिलीचं टोक माझ्या खोलीच्या दाराकडे केलं. "इसीच वास्ते पाँच केव्हीए का लाया मैं."

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला आणि मागच्या खोलीतून मशीनची, वीज तुटल्याची एकसुरी शिट्टी सुरू झाली. मी धावले. आईनं नळी हातात घट्ट धरली होती, जणू ती ओढली की हवा येईल. ओठांचा रंग बदलत होता. "याकूबभाई, जल्दी!" मी ओरडले. ते बाहेर शांतपणे काहीतरी जोडत होते. डिझेलचा वास आला, मग धडधड, मग माझ्या हाताखाली मशीनचा तो ओला सुस्कारा. खिडकीतून धूर आला नाही. थोडासुद्धा नाही.

आईला बोलायला पाच मिनिटं लागली.

"बरं झालं बाई... ह्यांनी परवाच त्याला समजावलं."

"कधी, आई?"

"अगं, परवा. तू कॉलेजात होतीस."

आईचाही जन्म हैदराबादचाच. मी पुढे विचारलं नाही.

जाताना याकूबभाईंनी माझ्या पलंगाशेजारी एक नवा सॉकेट बसवला. नको म्हटलं तर म्हणाले, "साब बोले, परसों काम पडता." मी त्याच्यावर चिकटपट्टी लावली. मी असल्या गोष्टी मानत नाही.

ते सोमवारचं. बुधवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली फोन वाजला. आम्ही आईची मशीन भाड्यानं आणली त्या अंबरपेठच्या दुकानातून.

"मॅडम, आपकी दूसरी मशीन निकल गई. घर पे हैं ना?"

मी मागवलेली नाही, म्हटलं. वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागलं. जिना धावत उतरले होते म्हणून असेल.

"साब खुद आ के बोले, मॅडम. परसों."

कुठला परसों, एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं. श्वास पुरला नाही.