उसना आवाज

जे झालं त्याला बाबा जबाबदार होते. विषाणूला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तो आपलं काम करत होता. बाबांनीही आपलं काम केलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं निर्णय घेतला. उभी हयात मुख्याध्यापकी केलेला माणूस. घरातली माणसं म्हणजे त्यांच्या लेखी पाचवी ब.

आधी आजीचं सांगायला हवं. नव्वदी ओलांडलेल्यांना हा रोग तरण्याताठ्यांसारखा होत नाही. ताप नाही, खोकला नाही, धाप नाही. माणूस नुसतं न जेवता ताटावरून उठतं, दुपारला सकाळ म्हणतं आणि बसल्या जागी पेंगतं. एक पाय टेकत, एक घासत घरभर फिरणाऱ्या आजीचं तसंच झालं. आत्या म्हणाली, दवाखान्यात नेऊ. बाबा म्हणाले, वय झालंय, चालायचंच. ते तसं म्हणत राहिले आणि एका सकाळी आजी उठलीच नाही. मग धावाधाव, मग अॅम्ब्युलन्स. तिच्यामागोमाग आजोबांनाही न्यावं लागलं. आजी खालच्या मजल्यावर, आजोबा वरच्या. आजी खालच्या खालीच गेली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिला परस्पर नेलं. घरच्यांच्या वाट्याला आला तो एक फोन.

नात, म्हणजे बाबांची मुलगी, त्याच इस्पितळात कामाला होती. कॉलेज तिनं मधेच सोडलं होतं, तेव्हापासून ती समोर आली की बाबा पेपर उघडून बसत. साथीच्या दिवसांत या कामाला कोणी धजत नव्हतं, म्हणून तिला ते मिळालं. म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, भरवायचं, कूस बदलायची. वॉर्डात असल्या बायकांना मावशी म्हणतात. पांढऱ्या सुटात सगळे सारखेच दिसतात, म्हणून पाठीवर मार्करनं लिहायची पद्धत होती. तिच्या पाठीवर 'मावशी' लिहिलेलं. ऐन विशीत ती बापापेक्षा मोठ्या माणसांची मावशी झाली होती, आणि खरं सांगायचं तर घरापेक्षा इथेच तिला जरा मान होता.

वॉर्ड भयाण वगैरे नव्हता. शांत होता. लांबट खोली, उंच खिडक्या, फिनेल आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. भिंतीवरच्या बाटल्यांतल्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडत यायचा. दिवसभर कोणीतरी मंद आचेवर आधण ठेवून विसरून गेल्यासारखा आवाज. दात काढून वाटीत ठेवलेले, चष्मे पिशवीत, त्यामुळे सगळे चेहरे एकमेकांसारखे. कोण कोणाचा बाप, हे खाटेवरच्या पाटीवरून ओळखायचं.

दुपारी जेवणं आटोपली की नातेवाइकांचे फोन. वॉर्डाला एकच फोन होता, पारदर्शक पिशवीत घातलेला. मावशीनं तो म्हाताऱ्याच्या कानाशी धरून उभं राहायचं. यांना ऐकू कमी, म्हणून स्पीकर चालू. पिशवी कुरकुरायची आणि त्या कुरकुरीतून लेकी-सुना बोलायच्या, जेवलात का, औषध घेतलंत का.

आजोबा मास्क ओढून काढायचे. घास थुंकायचे. एकच धोशा, ती कुठाय, तिला बोलवा. आयुष्यात कधी पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही या माणसानं. बायकोनं म्हटलं की जेवायचं, बायकोनं म्हटलं की निजायचं, आणि वर घराचे कर्ते. डॉक्टरांनी फोनवर बाबांना स्पष्ट सांगितलं, मास्क राहिला नाही तर आजोबा राहणार नाहीत.

तेव्हा बाबांना आत्या आठवली. तिचा आवाज हुबेहूब आजीचा. लहानपणी ती आईच्या आवाजात 'बंड्या' अशी हाक मारायची आणि बाबा हातातला खेळ टाकून पळत यायचे. मग ती दाराआडून खिदळायची. बाबांनी ठरवलं, दुपारच्या फोनवर आत्यानं आजी व्हायचं.

आत्या नको म्हणाली. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली बाई. आईबापाचं करता करता तिचा जन्म गेला होता. भावाला तिनं कधी नाही म्हटलेलं कोणाला आठवत नव्हतं.

"दादा, गेलेल्या माणसाच्या जागेवर बसू नये," ती म्हणाली. "ती जागा रिकामी दिसते. असतेच असं नाही."

बाबांनी तिला विचारलं, मग बापाला मारायचंय का तुला? वाद तिथेच संपला. नातीलाही तंबी मिळाली, तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे. ती चिडली, पण गप्प बसली. शेवटी आजोबा तिचेही होते.

पहिल्या दुपारी पिशवी कुरकुरली आणि आजीचा आवाज आला. "अहो, ऐकलं का? तो मास्क काढायचा नाही बरं." आजोबांचा हात मास्ककडे निघालेला, तो जागच्या जागी थांबला. मग निमूटपणे छातीवर येऊन पडला. त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज घेतली. नातीच्या अंगावर सुटाच्या आत काटा आला, पण तो कौतुकाचा होता. आत्यानं कमाल केली होती.

आजोबा सुधारू लागले. पालथं झोपायचे, खायचे, दुपार झाली की फोनकडे डोळे लावायचे. सिस्टर म्हणाली, तुझ्या आत्याला इथेच नोकरीला ठेवू या.

मग एकदा आवाज म्हणाला, "पायाकडची खिडकी लावून घ्या. वारा बाधेल."

खिडकी खरंच किलकिली होती. आत्यानं हा वॉर्ड कधी पाहिला नव्हता. नातीनं मनाशी म्हटलं, म्हातारपणी सगळ्यांना वारा बाधतोच, अंदाजानं बोलली असेल. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, "शेजारच्यांना पाणी द्यायला सांगा. केव्हाचे मागताहेत."

नातीनं वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा बरेच दिवस बोलत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. तिनं चमच्यानं पाणी घातलं, तेव्हा ते घटाघटा प्यायले.

संध्याकाळी तिनं आत्याला फोन केला.

"मी आज बोलले का गं?" आत्यानंच विचारलं. "फोन लावल्याचं आठवतंय. अहो म्हणायला तोंड उघडलं. मग... फोन ठेवलेला होता. दादा म्हणाला, छान बोललीस."

"आणि मधलं?"

"मधे कोणीतरी मला जरा बाजूला सरकवलं. ढकललं नाही गं... सरक म्हणतात ना, पंगतीत, तसं."

नातीनं बाबांना सांगितलं, हे थांबवा. बाबा म्हणाले, दमलीये ती, दुसरं काही नाही. माझा बाप खातोय, पितोय, आता मला तुझी अक्कल नको. आत्या अन्नाला शिवत नव्हती, दुपारला सकाळ म्हणत होती, बसल्या जागी पेंगत होती. तरीही बाबा फोन लावून तिच्या हातात देत राहिले. आत्याची तपासणी झाली. रोग नव्हताच. बाबांना तेवढं पुरेसं होतं.

तेव्हा नातीनं ठरवलं की आजोबांनाच खरं सांगून टाकायचं. त्यांना कळलं की फोनची गरज उरणार नाही. ते खचतील, कदाचित जातीलही. पण नव्वदीच्या माणसासाठी पन्नाशीची बाई संपवायची, हा कुठला हिशोब? फोनच्या वेळेआधी ती त्यांच्या खाटेशी गेली, कानाशी वाकली.

"आजोबा... आजी गेली. इथेच, खालच्या मजल्यावर."

आजोबांनी मास्कआडून तिच्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता.

"माहितीये," ते म्हणाले. "तिनंच सांगितलं. पहिल्याच दिवशी, तू फोन पुसत होतीस तेव्हा."

"काय... काय म्हणाली?"

"म्हणाली, मी गेले, पण थोरल्यानं जागा करून दिलीये. तुम्ही नीट खा, म्हणजे घरी भेटू."

"आणि आत्या? आत्याचं काय, आजोबा?"

आजोबांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. पोरीनं क्षुल्लक गोष्टीसाठी झोपमोड केल्यासारखे ते जरा कंटाळले.

"मला बरं वाटत होतं," ते म्हणाले.

ती निघाली. पण त्या वॉर्डातून पळता येत नाही. सूट उतरवायला क्रम असतो. बाहेरचे हातमोजे, हात धुवा. चष्मा, हात धुवा. टोपी मागून पुढे, अंगावरचं आतून बाहेर गुंडाळत, पुन्हा हात धुवा. घाई केली की रोग लागतो. तिनं क्रम सोडला नाही. दाराच्या काचेपलीकडे वॉर्डातला फोन वाजला. दुसऱ्या मावशीनं तो उचलला. पिशवी कुरकुरली. मग आजोबांचं हसणं ऐकू आलं, बोळक्या तोंडाचं, लाडात आलेलं.

हसणं थांबेपर्यंत तिचे हात धुऊन झाले होते. तिनं स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन लावला. बाबांनी उचलला. आवाज हलका होता. आत्या आज एकदम बरी आहे, म्हणाले, पोटभर जेवली, आता आवराआवर करतेय, उगाच घाबरवलंस तू सगळ्यांना.

"तिला फोन द्या, बाबा."

पलीकडे भांडी वाजली. मग मागून कोणीतरी हाक मारली, अगदी सहज, रोजच्यासारखी. "बंड्या, डबा काढून दे रे वरचा."

"आलो, आई," बाबा म्हणाले.

बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग स्वयंपाकघरात पावलं वाजली, एक टेकलेलं, एक घासत ओढलेलं. फोन बंद झाला.

आजोबा बरे होऊन घरी आले. निघताना इस्पितळातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ते दुपारी व्हरांड्यात बसतात आणि आत्या त्यांना सफरचंद किसून भरवते. त्यांच्याकडे पाहून ती 'अहो' म्हणते. तिच्या जुन्या नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. बाबांनी तिला तीन डॉक्टरांकडे नेलं. तिघांनीही धक्का म्हटलं, औषध दिलं. औषध ती वेळेवर घेते. बाबांना ती जेवायला वाढते, आणि 'आई' म्हटल्याशिवाय ताट पुढे करत नाही. बाबा म्हणतात. मुकाट्यानं जेवतात.

घराच्या मागच्या बाजूला आत्याची खोली आहे. तिथे आता कोणी झोपत नाही. नात सुट्टीला आली की ती खोली झाडते, पलंगावरची चादर ताणून नीट घालते, उशी थापटून फुगवते आणि दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवते. सकाळी कुलूप उघडलं की उशीला डोक्याचा खळगा असतो. तिनं एकदा त्यावर हात ठेवून पाहिला. ऊबदार होता, आणि ओला.

बाबांना एकच बहीण होती. ती आता त्यांना नाही.