दोघांनी मोजलेलं पाणी

निमगाव भैरवच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सत्यशीलाची स्कूटी दोनदा खोकली आणि थांबली. डिसेंबरची सकाळ. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी, आणि वारा असा, की ओढणी सावरावी की केस, तेच कळेना. तिने सीट उचलून टाकीत डोकावलं. ठणठणाट!

आता हे सांगायचं कुणाला? सत्यशीला निमगाव भैरवच्या नगरपालिकेत लागली होती ती नेमकी याच कामावर. कचऱ्याच्या घंटागाड्या, टँकर, रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप… कशाला किती डिझेल लागतं, किती वीज, त्यातून नगरपालिका हवेत किती कार्बन सोडते आणि तो कमी कसा करायचा, याचा तिला अहवाल करायचा होता. ती रोज सकाळी घरून, भिंगारहून एसटीने यायची आणि ऑफिसची स्कूटी घेऊन गावभर हिंडायची. सगळ्या गावाचं इंधन मोजणारी बाई, आणि स्वतःचंच पेट्रोल बघायचं विसरली!

मागून एक मोटारसायकल आली. टाकीवर हिरव्या कणसांची जुडी, चालवणाऱ्याच्या डोक्याला मफलर. मफलरमधून फक्त दोन डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"पेट्रोल संपलं व्हय, मॅडम?"

"नाही… म्हणजे, हो."

"बसा. टोचन लावतो."

ती स्कूटीवर बसली. त्याने डावा पाय तिच्या मागच्या फूटरेस्टला लावला आणि आपली गाडी हळूच रेटली. स्कूटी आवाज न करता निघाली. तिला मजा वाटली, पण तोंड मात्र तिने गंभीर ठेवलं.

"कुठं सोडू?"

"पंप हाऊसला. मीटर बघायचंय."

"मग सोडायचं काय त्यात! मी तिथलाच ऑपरेटर हाय. कानिफनाथ."

पंप हाऊस तळ्याच्या बांधाला लागून होतं. आत हिरव्या रंगाची जुनी, अवजड मोटर घुमत होती. सत्यशीलाने काम सांगितलं तसा कानिफनाथ मफलर सोडत म्हणाला, "तुमी चुकीच्या दारात आलाय. आमच्या मोटरीला धूर न्हाई."

"हिच्या विजेला आहे ना. ती कोळसा जाळून होते. धूर लांब कुठेतरी निघतो, पण तो आपल्यासाठीच."

तो मोटरीकडे बघत राहिला. घरातल्या माणसाची चहाडी ऐकावी, तसा चेहरा झाला त्याचा.

"म्हंजे मी हितं बटण दाबलं की तिकडं धूर…" तो हळूच म्हणाला. "चार वर्षं झाली, कुणी सांगितलं न्हाई मला."

त्याने नोंदवही पुढे केली. तासातासाचं रीडिंग, अक्षर रेखीव. शेवटचा रकाना होता शेरा. बाकीच्या ऑपरेटरांनी तिथे 'ठीक' लिहिलेलं. याच्या शेऱ्यात मात्र भलतंच काही होतं. 'मोटर आज कुरकुरतेय, ग्रीस दिलं.' 'तळ्यावर बगळे आले, सतरा.' 'पाणी भरपूर. मन लागत नाही.'

सत्यशीलाला हसू आवरेना. "हे साहेब वाचतात?"

"कुणीच वाचत न्हाई. तुमी पहिल्याच." आणि त्याचे कान लाल झाले.

मीटर बघायला महिन्यातून एकदा आलं असतं तरी भागलं असतं. पण आकड्यांची खात्री नको का करायला? सत्यशीला दर मंगळवारी येऊ लागली. खात्री काही केल्या होईना!

एका मंगळवारी त्याने बांधाखाली गोवऱ्या पेटवून कणसं भाजली. गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून त्याने हुरडा तिच्या ओंजळीत टाकला. वर लसणाची चटणी. त्याची बोटं तिच्या हाताला लागली… लागली, आणि जरा जास्तच थांबली.

"हा धूर पण तुमच्या अहवालात जायचा का?" त्याने विचारलं.

"गोवरी नगरपालिकेची आहे का?"

"न्हाई. घरमालकिणीच्या म्हशीची."

"मग म्हशीला माफ केलं."

"आन् मला?"

"तुमचं बघू," ती म्हणाली आणि हुरड्यात मान घातली.

जानेवारीत तिच्या लक्षात आलं, की पंप हाऊसची वीज दर वर्षी वाढतेय, पाणी मात्र वाढत नाही. किती पाणी चढतं हे मोजायचं यंत्र तिथे नव्हतंच. शेवटी दोघांनीच युक्ती काढली. गावातल्या उंच टाकीचे व्हॉल्व्ह बंद करायचे, ती टाकीवर चढून पाणी कसं वर येतं ते बघणार, आणि हा खाली तळ्यावर मीटर बघणार. मध्ये पाच किलोमीटर, कानाला फोन.

"चालू केली," तो म्हणाला.

टाकीवर वारा नुसता भणाणत होता. खाली पत्र्यांची घरं, चिंचेची झाडं, बाजारतळ… आणि कानात त्याचा आवाज. पाणी यायला वेळ होता. मग काय करायचं? बोलत बसले. आईवडील पाथर्डीकडचे, दर साली ऊसतोडीला जायचे, तो उसाच्या फडावर पाचटाच्या झोपडीत, कोपीतच मोठा झाला, हे त्याने सांगितलं. आयटीआय करताना पहिल्यांदा सलग एक वर्ष एका जागी राहिलो, म्हणाला. तिनेही सांगितलं, की नाव आजोबांनी ठेवलं आणि शाळेत मुली 'सत्यनारायण' म्हणून चिडवायच्या.

"मला आवडतं नाव," तो म्हणाला. "सत्यशीला. म्हणायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुमच्याजवळ बसल्यागत वाटतं."

ती कठडा धरून तळ्याच्या दिशेला बघू लागली. वाराच बोलत राहिला.

"मॅडम? पाणी कुठवर आलं?"

"अं…? बघायचं राहिलं."

"कसला घोळ घालताय! आता मोजायचं कसं?"

"तुम्हीच घालायला लावताय…"

मग मात्र तिने डोळ्यात तेल घालून पाणी बघितलं. मोटर नवी होती तेव्हा टाकी दीड तासात भरायची, तसं जुन्या कागदात लिहिलेलं होतं. आज लागले दोन तास वीस मिनिटं. मोटर दीडपट वीज खात होती. घरी जाऊन सत्यशीलाने सगळी बेरीज मांडली, तर घंटागाड्या, टँकर, दिवे, कचेरी या सगळ्यांचा मिळून जेवढा कार्बन होत होता, त्याहून जास्त एकट्या पंप हाऊसचा! नवा पंप बसवला तर एका झटक्यात केवढा कमी होणार होता… तिला नाचावंसं वाटलं.

पण नव्या पंपाची माहिती वाचता वाचता ती थांबली. तो आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो. त्याला ऑपरेटर लागत नाही.

दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने अहवालाच्या कच्च्या प्रतीत दोन तास वीस मिनिटं खोडली आणि दीड तास लिहिलं. एकच तर आकडा, कुणाला कळणार होतं?

कळलं ते त्यालाच. नोंदवह्या द्यायला तो ऑफिसात आला, तेव्हा कागद टेबलावरच होता. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"हे काय, मॅडम?"

"नवा पंप आला तर… तुमचं काम जाईल, कानिफनाथ."

"ते मला टाकीच्या दिवशीच कळलं हुतं. मोटरीपाशी मी राहतो, तुमी न्हाई."

"तरी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? खरं ते खरं." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या दिवशी मी हितं, तुमी तिथं… दोघांनी मोजलं हुतं ते पाणी. हा आकडा खोटा लिवला, तर त्या दिवशीचं सगळंच खोटं. मी बोललो ते बी."

तो निघून गेला. सत्यशीलाने कागद पुढ्यात ओढला. मग तिने दीड तासावर काट मारली आणि ठळक अक्षरात खरी वेळ लिहिली.

सर्वसाधारण सभेत अहवाल तिनेच वाचला. पाणीपुरवठ्याचे अभियंता आप्पासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे सगळ्या गाड्या आणि दिवे एकीकडे, अन् ही एक मोटर एकीकडे?"

"हो, सर. मोटर जड आहे."

सभागृह हसलं. पंप मंजूर झाला. मागच्या दारात मफलर गुंडाळून उभ्या असलेल्या माणसाने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, अगदी जराशी. त्या जराशा हलण्याने तिच्या छातीत केवढी धडधड झाली!

जलशुद्धीकरण केंद्रात एक जागा रिकामी होती. आप्पासाहेबांनी ती कानिफनाथला देऊ केली, कारण मोजायच्या युक्तीत त्याचाही वाटा होता. त्याने ती छगनला द्यायला सांगितली. छगन पंप हाऊसचाच दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, काम त्याचंही जाणार होतं, आणि पदरात दोन लेकरं.

"मग तुम्ही?" तिने विचारलं.

"बघू की," तो म्हणाला. ती रुसली. त्याने बरेच दिवस रुसू दिलं.

मे महिन्यात नवा पंप आला. बटण दाबायला सगळे जमले. निम्म्या आवाजात पाणी निघालं, आणि एक तास पंचवीस मिनिटांनी टाकीवरून फोन आला, भरली म्हणून. टाळ्या पडल्या. मीटरवरचा आकडा बघून सत्यशीलाचे डोळे भरून आले. मागे वळली, तर कानिफनाथ जुनी मोटर टेम्पोत चढवत होता.

"ही कुठे चालली?"

"नागापूरला. एमआयडीसीत मोटरी दुरुस्त करायचा कारखाना हाय. त्यांचा माणूस मोटर बघाया आला हुता. मी ती त्याच्यासमोर सगळी खोलून दाखवली." तो हात पुसू लागला, उगाच, पुसलेलेच हात पुन्हा. "तो म्हणला, मोटरीबरोबर तू बी ये. उद्यापासून कामावर जायचंय."

"नागापूरला?" तिच्या मनात हिशेब सुरू झाला. नागापूर ते भिंगार… अर्धा तास. सिग्नल लागला तर चाळीस मिनिटं. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"पक्कं झाल्याबिगर कसं सांगणार? तुमाला खरा आकडा लागतो."

तिला हसू आलं आणि रागही आला. काय आधी दाखवावं तेच कळेना.

"अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. पंपाकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, शेवटी कुठेच बघायला उरलं नाही तेव्हा तिच्याकडे बघितलं. "मला तुमी आवडता. लई. टोचन लावलं त्या दिवसापासनं. आईला सांगून ठिवलंय. तुमाला सांगायचंच तेवढं ऱ्हायलं हुतं."

"सगळ्यात शेवटी मला?"

"सगळ्यात अवघड तेच हुतं…"

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. भिंगारला जायचं तर नगरपर्यंत एसटी मिळाली असती, तासाभराने. सत्यशीला टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसली आणि थोडी सरकली. तो खालीच उभा.

"बसा ना. सांगायला वेळ लावला, आता बसायलाही लावणार?"

तो बसला. अंतर ठेवून बसला, पण रस्ता खराब होता. पहिल्याच खड्ड्यात ते अंतर गेलं, आणि ते परत आणायची घाई दोघांनाही नव्हती. तिने पर्समधून फोन काढला आणि घरी लावला.

"आई, संध्याकाळी कांदेपोहे कर. एक पाहुणा येतोय."

"पोहे कशाला गं? कोण येतंय?"

सत्यशीलाने शेजारी बघितलं. कानिफनाथ श्वास रोखून समोरच्या काचेकडे बघत होता, कान लाल.

"मुलगा येतोय, आई," ती म्हणाली. "मला बघायला. मी बघितलाय त्याला… आता तू बघ."

पलीकडे भांडं खणकन वाजलं. मग आईचा आवाज आला, घाईघाईचा, "अगं, मग आधी सांगायचंस ना! कोथिंबीर तेवढी घेऊन या दोघं येताना."