दिव्यातल्या गोगलगायी

"मामा, फटफटी आधी उन्हात घ्यायला सांगा!" बारा वर्षांची महानंदा कुजबुजली.

चंद्रप्पामामांचं लक्ष होतं कुठं! लातूर नवा जिल्हा झाला, मामांना तिथं नोकरी लागली आणि फटफटीचं वेडही लागलं. जुनी फटफटी विकायला आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून सुट्टीला आलेल्या भाचरांना घेऊन ते नायगावहून थेट उदगीरपलीकडच्या या खेड्यात आले होते. गाव दुष्काळानं करपलेलं. कुत्रं भुंकत नव्हतं की पाखरू ओरडत नव्हतं. भर दुपारी महानंदाच्या अंगावर काटा आला.

"घ्या बिनघोर!" विकणारा माणिकप्पा म्हणाला. "नवा जिल्हा, नवा नंबर! जुनं कोण पुसतंय?"

त्यानं किक मारली. फटफटी धडधडली, तशी समोरच्या घरातून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. फटफटीवर माणिकप्पाला पाहून थबकली आणि मुकाट्यानं परत गेली.

"सरजाबाई. डोक्यानं गेलीय," माणिकप्पा म्हणाला. "दोन वर्षांमागं पोरगा फटफटीवर गेला, आला न्हाई. कुठं फटफटी वाजली की त्याच्या पायावर घालाया पाणी आणती."

महानंदाला भरून आलं. डोळे पुसायला ती फटफटीच्या दिव्याआड वाकली आणि जागीच थिजली.

"बसव्या, काचेच्या आत बघ!"

धाकट्या बसवराजनं काचेला नाक लावलं. "गोगलगायी! वाळलेल्या! ताई, पाण्यातल्या हायत या!"

"फटफटी काय पोहायला गेली होती?"

दोघं हसली, तोच महानंदा म्हणाली, "बसव्या, जवळ कुठं विहीर आहे का बघू!" मामा चहा पीत होते तोवर ती दोघं मागच्या वावरात पळाली. रस्त्याच्या वळणालाच बिनकठड्याची विहीर होती. तळाशी भेगाळलेला गाळ, आणि काठावर दोर घासल्याच्या ताज्या खुणा! खालून कुणी उसासा टाकावा तसा गार वारा आला.

"ताई, चल इथून!"

"थांब. नुसतं आपलं कोण ऐकणार? त्या तांब्यावाल्या आजीला बोलवू!"

सरजाबाई आली. फटफटीच्या नव्या रंगावरून तिचा हात फिरत गेला आणि टाकीवरच्या एका खोलगट जागी थांबला.

"हितं माझं मुसळ पडलं होतं. माझा मारोती लई चिडला होता," ती म्हणाली.

माणिकप्पा पांढराफटक पडला. "मी न्हाई मारलं कुणाला! हिरीचं पाणी आटलं तवा हँडल दिसलं. वर काढली. गाळात बघाया भ्यालो, अन् मग लोभ सुटला..."

"आणि ही माउली तांब्या घेऊन धावायची, ते बघत बसलास?" मामा कडाडले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गाळ उपसला. मारोती तिथंच होता. अंधारात वळण चुकलं असावं.

"शाबास, पोरांनो! मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत!" जमादार म्हणाले. मामांनीही पाठ थोपटली. पण महानंदाला रडू आवरेना.

"आजी, मी शोधलं नसतं तर तुम्हाला निदान आशा तरी..."

सरजाबाईनं तिला पोटाशी घेतलं.

"न्हाई गं लेकरा. दोन वर्षं रातच्याला दाराला कडी लावली न्हाई मी. आज लावून झोपन."