पात्यातलं पाणी

तिला जायचं होतं मातीच्या भांड्यांच्या दालनात. संग्रहालयासाठी फोटो काढायचं काम मिळालं होतं तिला, पण दार चुकलं आणि ती शिरली शस्त्रांच्या खोलीत. तिथं एक उंच, किडकिडीत तरुण तलवारीवर ओणवा झाला होता. वर न बघताच तो म्हणाला, "जरा इकडे या... पाणी दिसतंय का बघा."

गुणाची पोर ती! पाणी म्हटल्यावर तिनं पटकन रुमाल काढला आणि पातं पुसून मोकळी झाली.

त्यानं कपाळाला हात लावला. मग त्याला हसू आवरेना. जुनी शस्त्रं जतन करणं हे त्याचं काम. पाणी म्हणजे पोलादाचा कस, त्याच्या अंगातल्या लहरी, हे त्यानं तिला समजावलं आणि पातं खिडकीच्या उजेडात किंचित कलतं केलं.

आणि ते वाहू लागलं... राखाडी पोलादात बारीक बारीक लाटा, मुठीपासून थेट टोकापर्यंत. त्या कुणी कोरल्या नव्हत्या, रंगवल्या नव्हत्या. शेकडो वर्षांपूर्वी कुणा लोहारानं भट्टीपुढं बसून त्या धातूतूनच जागवल्या होत्या. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कॅमेरा गळ्यात होता, पण फोटो काढायचं सुचलंच नाही.

त्या दिवशी मडकी तशीच राहिली. पुढंही ती रोज आधी इकडंच यायची. मुठीवर ठोकून बसवलेली केसाएवढी सोन्याची तार त्यानं दाखवली, हजारो कड्या एकमेकींत गुंफलेलं चिलखत दाखवलं. बोलताना त्याचा आवाज आपोआप हळू व्हायचा. ढालीच्या आतल्या बाजूलाही नाजूक फुलं होती. ही लढाईत कोण बघणार होतं, असं तिनं विचारलं.

"करणाऱ्यानं बघितली ना," तो म्हणाला.

ती ढालीकडं बघत राहिली, मग चोरून त्याच्याकडं. मेलेल्या सरदारांचं तुम्हाला सगळं ठाऊक, जिवंत माणसांचं काय, असं तिनं एकदा छेडलंही. त्याचे कान लालबुंद झाले. आणि गडी चक्क चिलखताच्या कड्या मोजायला लागला!

काम संपलं. उद्यापासून तिला दुसऱ्या शहरात नवं काम होतं आणि इथं परतायला निमित्त उरलं नव्हतं. तिनं लेन्स उगाच पुन्हा पुन्हा पुसली.

"निघते मी," ती म्हणाली.

"थांबा—" तो हातमोजे उतरवू लागला. घाईत ते बोटांतच अडकले. "मौल्यवान वस्तूला आम्ही उघडा हात लावत नाही. ती... कपाटात जपायची असते."

"मग आज मोजे का काढताय?"

"तुम्हाला कपाटात नाही ठेवायचं. तुमच्यासोबत म्हातारं व्हायचंय... मला फार आवडता तुम्ही. परत याल? नुसतं माझ्यासाठी?"

"येईन," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला.

दोघांचेही तळवे घामानं ओले झाले होते. हात मात्र कुणीच सोडला नाही.